हसरा लाभार्थी

वार्षिक अहवालात एक हसरा फोटो कमी पडला, तिथून सगळं सुरू झालं. मी माजी सैनिकांच्या कल्याण कार्यालयात कारकून. ‘मोफत कवळी योजना’ या पानावर हसणारा लाभार्थी हवा होता आणि आम्ही वर्षभरात एकही कवळी दिली नव्हती. (अहवालात असं लिहीत नाहीत. ‘योजना प्रगतिपथावर’ असं लिहितात. मीच लिहितो.)

सासरे निवृत्त सुभेदार, आमच्याकडेच राहतात. तोंडात औषधालाही दात नाही. बिचारे सगळं कुस्करून गिळतात. त्यांचा कवळीचा अर्ज माझ्याच टेबलावर पडलेला.

मी माझी कवळी काढली, (हो, मला आहे. हसायचं काम नाही.) स्वच्छ धुतली आणि त्यांना बसवली. चपखल बसली. तुम्हा दोघांची तोंडं सारखीच मोठी, असं बायको म्हणाली.

फोटो झकास आला, छापला गेला आणि साहेब खूश होऊन थेट घरीच आले. “सुभेदारांना भेटायचंय!”

कवळी एक, तोंडं दोन! मी ती सासऱ्यांना दिली, “बाबा, फक्त हसा,” असं बजावलं आणि तोंडावर रुमाल धरून बसलो.

“यांना काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“दाढ दुखतेय,” बायको म्हणाली.

सासरे कडाकडा शेंगदाणे चावत होते.

“कशी आहे कवळी, सुभेदार?”

साहेबांनी विचारलं म्हटल्यावर सासरे ताडकन उभे राहिले. “एक नंबर, साहेब! पण जावईबापूंची आहे.”

गेली नोकरी!

साहेबांनी चहा संपवला. “अहवाल वर गेलाय. आता तो खोटा ठरून चालणार नाही. कवळी सुभेदारांचीच. त्यांचा अर्ज निकाली काढा.”

“अहो, बरंच झालं की,” बायको म्हणाली. “बाबा किती दिवसांनी नीट जेवतायत!” तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे कवळी परत मागायची सोय राहिली नाही. “तुम्ही करा की अर्ज. योजना तुमच्याच हातात आहे.”

केला. रीतसर माझ्याच टेबलावर आला. ‘अर्जदाराने सैन्यात सेवा केलेली नाही’ असा शेरा मारून मी तो त्याच दिवशी फेटाळला.

आमच्या कार्यालयात इतक्या झटपट निकाली निघालेला तो पहिलाच अर्ज. यंदाच्या अहवालात ‘तत्पर सेवा’ या पानावर माझा फोटो आहे. तोंड मिटलेला.