गुळाचं नख आणि सहीची गिटार

त्या दिवशी मी अंगठ्याचं नख कापलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

कापणार होतोच. मुलगी बघायला कात्रजला जायचं होतं. आईने मला दोनदा दाढी करायला लावली होती आणि कॉलरवर सांडलेली पावडर झटकून झाली होती. नेलकटर घेऊन खिडकीत बसलो, बाकीची नखं कापली आणि उजव्या अंगठ्यापाशी येऊन थांबलो. कारण ते नख तसं माझं नव्हतं. ते गाळ्याचं होतं.

मी मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यावर कामाला आहे. नववीत शाळेला माझा कंटाळा आला आणि मला शाळेचा, तेव्हापासून. माझं काम माल तपासायचं. ढेप समोर आली की तिच्यावर टिचकी मारायची, कान लावून आवाज ऐकायचा, अंगठ्याच्या नखाने कड खरवडायची आणि नख तोंडात घालायचं. मग शेठ विचारतात, "काय मच्छिंद्र?" मी म्हणतो, "बरा आहे" किंवा "नको." दिवसभरात मी एवढंच बोलतो. (मला ही नोकरी आवडण्याचं मुख्य कारण हेच.)

दुसऱ्या दिवशी माल येणार होता. नख कापलं तर खरवडायचं कशाने? लग्न काय, जमलं तर जमलं. नख ठेवलं.

मुलीच्या, म्हणजे उल्काच्या, घरी मी मान खाली घालून बसलो. त्या घरातल्या फरशीवरची नक्षी मी आजही काढून दाखवीन. उल्का पोहे घेऊन आली. आईने चव घेऊन म्हटलं, "छान झालेत गं." तर ती म्हणाली, "मी केलेले नाहीत, म्हणून."

या वाक्याला मी मान वर केली, आणि त्या क्षणापासून मला दुसरी कुठलीही मुलगी बघायची इच्छा राहिली नाही.

तेवढ्यात मी बशी घ्यायला हात पुढे केला. तिची नजर माझ्या अंगठ्यावर गेली. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं नख वाढवलंय, तुम्ही गिटार वाजवता का?"

आता लाजऱ्या माणसाचं एक शास्त्र असतं. 'नाही' म्हटलं की लोक 'का बरं?' विचारतात. 'हो' म्हटलं की विषय संपतो. मी म्हणालो, "हो."

तिथेच विषय सुरू झाला.

शेजारी जयसिंगमामा चिवडा खात होते. ते खायचे थांबले. मामा मला जन्मापासून ओळखतात. आमच्या घरात कुकरची शिट्टी सोडली तर दुसरं वाद्य नाही, हेही त्यांना माहीत आहे. पण भाच्याचं लग्न समोर आलेला मामा काही साधा मामा नसतो. ते म्हणाले, "लहानपणापासनं वाजवतोय. हात जरा हलका हाय त्याचा."

उल्काच्या वडलांचा चेहरा थोडा पडला. उल्काचा मात्र उजळला. मला वाटलं, जमलं.

दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचं जमलं होतंच. पण उल्काचा निरोप आला. कोणा कुरळ्या केसांच्या गायकाच्या सहीची गिटार लक्ष्मी रोडच्या एका दुकानात आली आहे. ती मुलाने रविवारी तिच्यासमोर वाजवून बघावी. हो किंवा नाही ती त्यानंतर सांगेल.

मी मामांना म्हटलं, "मामा, आपण खरं सांगून टाकू."

"येडा हायेस का?" मामा म्हणाले. "पोरगी आवडली ना? मग? इतकी वर्षं बाजारात काय शिकलास? माल घ्यायचा नसला की काय करतोस?"

"खोट काढतो."

"मग काढ की. ही आणली, खोट काढ. ती आणली, खोट काढ. प्रत्येक गिटारीला नावं ठेवत बसलास तर वाजवायची पाळीच यायची नाय. वर पोरीला वाटंल, काय जाणकार हाय."

मला हे इतकं पटलं की मी रात्री शांत झोपलो. (मामांच्या सल्ल्यानंतर शांत झोप लागली की समजावं, काहीतरी चुकतंय.)

रविवारी मी आणि उल्का स्वारगेटला भेटलो आणि चालत दुकानात गेलो. वाटेत ती काहीबाही विचारत होती आणि मी 'हो' म्हणत होतो. दुकान जिना चढून वर होतं. मालकांचं नाव दिगंबरराव. चेहरा असा, की गिऱ्हाईक आलं म्हणजे त्यांच्या वाचनात व्यत्यय आला.

"काय हवंय?"

"गिटार," उल्का म्हणाली. "हे वाजवून बघणार आहेत."

दिगंबररावांनी पहिली गिटार काउंटरवर ठेवली. मी तिला हातात धरलं, पाठीवर टिचकी मारली, कान लावला आणि तोंडात पहिलं जे आलं ते बोललो, "जरा ओलसर वाटते."

दिगंबररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "ओलसर?"

"पावसाळ्यातला माल असेल."

"जुलैत आली होती खरी," ते म्हणाले, आणि त्यांनी ती बाजूला ठेवून दुसरी काढली.

"हिला वरून रंग दिलाय," मी म्हणालो. गुळात हा आमचा नेहमीचा आक्षेप.

"स्वस्तातली आहे, रंग असणारच," दिगंबरराव म्हणाले. आवाज थोडा मऊ झाला होता. त्यांनी तिसरी आणली. मी टिचकी मारली.

"आतून पोकळ आहे."

उल्का फसकन हसली. दिगंबरराव हसले नाहीत. "गिटार पोकळच असते."

"तरी ही जास्त वाटते."

उल्का आता माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की मला चार इंच उंच झाल्यासारखं वाटलं. मी जोरात आलो. चौथी जड आहे म्हणालो, पाचवीचा घाट बरोबर नाही म्हणालो. आयुष्यात मी एका दिवसात इतकं बोललो नव्हतो. मामांना मी मनातल्या मनात नमस्कार घालत होतो, तेवढ्यात दिगंबररावांनी खिशातून किल्ली काढली.

"तुम्हाला साधं काही चालणार नाही," ते म्हणाले. "थांबा."

त्यांनी काचेचं कपाट उघडलं. आतून एक गिटार आली. जुन्या गुळाच्या रंगाची, कडेला शिंपल्यासारखी चकाकणारी पट्टी, आणि अंगावर झोकात केलेली एक वाकडीतिकडी सही. उल्काने श्वास रोखून धरला. मी मात्र हात मागे घेतला.

"काय झालं?" दिगंबररावांनी विचारलं.

"यावर दुसऱ्याचा मार्का आहे."

आमच्या यार्डात पोत्यावर ज्याचा मार्का, त्याचा माल. त्याला दुसऱ्याने हात लावला तर भांडणं होतात. मी खालच्या आवाजात समजावलं, "हा माल विकलेला दिसतो. ते न्यायला येतील."

"अहो, ही त्या गायकाची सही आहे."

"तेच म्हणतोय मी."

"त्यांच्या सहीचं मॉडेल आहे. अशा शेकडो गिटारी निघतात."

"आणि सगळ्या त्यांनीच घेतल्यात?"

उल्का तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिला वाटत होतं, मी त्यांची फिरकी घेतोय. शेवटी दिगंबररावांनी मला स्टुलावर बसवलं आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या. हिच्यात खोट काढून दाखवा."

उल्का समोर. मला हिच्यात एक खोट सापडणं फार गरजेचं होतं, नाहीतर वाजवायची वेळ येणार होती. मी टिचकी मारली. आवाज गोड आला. कान लावला. काही खोट नाही. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. रोज जे करतो ते.

अंगठ्याच्या नखाने मी तिची कड खरवडली आणि नख तोंडात घातलं.

(कडू होतं. वार्निश कडू असतं, हे मी कोणालाही खात्रीने सांगू शकतो.)

"कडवट आहे," मी म्हणालो.

दिगंबरराव वाकले. सहीच्या बाजूला एक छान पांढरा ओरखडा उमटला होता. त्यांनी तो पाहिला, मग मला पाहिलं.

"चाखलीत तुम्ही."

"हो."

"गिटार."

"हो."

"आमच्याकडे लोक वाजवून बघतात."

मी उल्काकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती. माझ्या अंगठ्याकडे टक लावून बघत होती.

"तुम्हाला वाजवता येत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग ते नख?"

"गुळाचं आहे."

मला वाटलं, आता ती जिना उतरून जाईल. ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि हसायला लागली. आधी खांदे हलले, मग वेणी हलली, मग डोळ्यांतून पाणी आलं. मधेच थांबायची, माझ्याकडे बघून "पोकळ आहे" म्हणायची आणि पुन्हा सुरू. दिगंबररावांनी तिला पाणी दिलं. मला नाही दिलं.

मग डोळे पुसून तिने ती गिटार माझ्या मांडीवरून उचलली, वरच्या खुंट्या कानापाशी धरून पिळल्या आणि वाजवायला लागली.

मला गाण्यातलं कळत नाही. पण इतकं सांगतो, की गाळ्यावर एखादी ढेप अशी येते की टिचकी मारायच्या आधीच हमालसुद्धा पोतं ठेवून बघत राहतात. तसं झालं. दिगंबररावांनी काउंटरवर उघडं ठेवलेलं पुस्तक मिटलं.

"कॉलेजात शिकले," ती वाजवता वाजवताच म्हणाली. "बाबा म्हणतात, लग्नानंतर कोण वाजवू देतंय, आत्ताच सोड. बघायला येणाऱ्यांसमोर नाव काढायचं नाही असं बजावलंय. म्हटलं, ज्या घरात एक गिटार आहे तिथे दुसरीला कोणी नाही म्हणणार नाही. तुमचं नख बघितलं आणि मला वाटलं, सापडलं घर."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. मी म्हणालो, "आमच्याकडे जागा आहे." (पुन्हा विचार करता, हे कपाट विकत घेताना बोलायचं वाक्य आहे.)

ती दिगंबररावांकडे वळून म्हणाली, "ही घेते मी. पण ओरखडा पडलेली आहे, नवीन म्हणून कशी विकाल?"

"ओरखडा यांनीच पाडलाय."

"पाडला असेल."

"तुमच्याबरोबर आलेत ना हे?"

"बरोबर आलेत," उल्का म्हणाली. "पण माझे ते कोणी नाहीत."

कोणी नाहीत. झालं, निकाल लागला. तरी म्हटलं, जाता जाता निदान तिचा सौदा तरी करून द्यावा. आमच्या बाजारात पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचे. दोघांनी रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून बोलायचं, म्हणजे बघणाऱ्याला काही कळत नाही. आता ते बंद झालं, पण आमच्या शेठना गप्पा मारतानाही ती खोड आहे आणि त्यांच्यामुळे मला. मी खिशातून रुमाल काढला, काउंटरवरच्या दिगंबररावांच्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्यांचं एक बोट दाबलं.

ते एकदम ताठ झाले.

मी दुसरं बोट धरलं. त्यांनी रुमालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उल्काला अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, हे बघायला तुम्हालाच आलेत ना?"

मी तिसरं बोट धरल्यावर ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तो भाव. यांना हात सोडायला सांगा."

गिटारीचे पैसे उल्काने दिले. ओरखड्याचे मी देऊ केले, तर दिगंबरराव म्हणाले, "नको, तुम्ही फक्त जा."

आम्ही चालत स्वारगेटला आलो. कात्रजच्या बसला गर्दी होती. मागच्या बाजूला दोघांची एक सीट रिकामी मिळाली. उल्का खिडकीपाशी बसली. मी शेजारी बसायला वाकलो, तेवढ्यात तिने गिटार तिथे टेकवली, तिला नीट सरळ केलं, आणि स्वतःची पर्स माझ्या हातात दिली. मी दांडा धरून उभा राहिलो. 'माझे कोणी नाहीत' हे वाक्य माझ्या डोक्यात बसबरोबर हेलकावे खात होतं.

कंडक्टर आला.

"ताई, हे सामान उचला. माणूस बसू द्या."

"सामान नाही ते. घरातलं आहे."

"कुणाच्या घरातलं?"

"आमच्या," उल्का म्हणाली आणि तिने बोट माझ्याकडे केलं. "यांच्या आणि माझ्या. लग्न ठरलंय आमचं."

अशा रीतीने ही बातमी मला आणि कंडक्टरला एकदमच समजली. माझे पाय बसमध्ये आहेत की हवेत, ते मला कळेना. इतक्या वर्षांत साठून राहिलेलं सगळं बोलणं एकदम घशाशी आलं. मी पर्स छातीशी धरली आणि तोंड उघडलं.

कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग सीटवर ऐसपैस बसलेल्या गिटारीला पाहिलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आता रस्ता अडवू नका, पुढे सरका."