विचार करून सांगा

"एलिसेओ, ओटोन गावच्या त्या बेकरीवाल्याला तू काय सांगितलंस?" मिस्टर उयकोंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"काही नाही सर. मशीनची माहिती दिली."

"आत्ता त्याचा फोन होता. म्हणाला, तुमच्या माणसाने माझे डोळे उघडले. मशीन जड आहे, जागा अडवतं, पट्टा दोन वर्षांनी बदलावा लागतो आणि हातानं मळलेल्या पिठाची गोडी काही वेगळीच. तुझे आभार मानायला फोन केला होता त्याने!"

एलिसेओने बुटांकडे पाहिलं. "त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं, असं वाटलं."

"त्याने विचारलं होतं का?"

"विचारलं असतं सर, कधीतरी."

इलोइलो शहरातल्या उयकोंच्या दुकानात बेकरीची यंत्रं मिळत आणि एलिसेओ टेरुएल तिथे सहा वर्षं विक्रेता होता. माणूस कष्टाळू होता, मशीन खोलून पुन्हा जोडून दाखवायचा, गावोगाव उन्हातान्हात फिरायचा. पण गिऱ्हाईक 'हो' म्हणणार अशी चिन्हं दिसू लागली की तो घाबरायचा. न मागता तो किंमत उतरवायचा. गिऱ्हाइकाने ती उतरलेली किंमत कबूल केली की तो आणखी घाबरायचा आणि म्हणायचा, "घाई नाही. विचार करून सांगा." मग गिऱ्हाईक विचार करायला जे जायचं ते जायचंच.

त्याची बायको मेर्ली याचे किस्से सांगायला फार उदार होती. "मला लग्नाचं विचारलंस तेव्हा मी तीनदा हो म्हटलं," ती शेजारणींसमोर सांगायची, "आणि हा म्हणतो, घाई नाही, दुसरा कुणी बरा भेटला तर बघ. मी चिवट होते म्हणून याचा संसार झाला."

उयकोंनी मात्र त्या दिवशी निक्षून सांगितलं. महिनाअखेरपर्यंत पीठ मळायच्या मोठ्या यंत्राची एक ऑर्डर आली पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यापासून गोदाम. "काढणार नाही तुला. वादळात तुमचं सगळं वाहून गेलं तेव्हा मीच तुला इथे आणलं, आणि खरं बोलणारा माणूस गोदामातही लागतोच. पण तिथे कमिशन नाही, आणि तुझी पोरगी नर्सिंगला आहे. बघ बाबा."

एलिसेओला रागावण्यासारखं काही सापडेना. उयकोंचे उपकार तो रोज प्रार्थनेत मोजत असे. त्याने मान हलवली आणि डायरी उघडली. हाताशी एकच भेट उरली होती: गिंबालच्या बेकरीवाल्या मानांग ओनोर. गावात सगळेच त्यांना मानांग, म्हणजे थोरली ताई म्हणत. भेट शुक्रवारी होती. आज बुधवार. मध्ये एक दिवस मोकळा होता आणि आठवडाभर एक दाढ ठणकत होती, म्हणून गुरुवारी सकाळी तो दातांच्या डॉक्टरणीकडे गेला.

"कुठली दाढ?" डॉक्टरणीने विचारलं.

"डावीकडची, वरची. पण तुम्हाला उजवीकडची सोयीची असेल तर..."

डॉक्टरणीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि दोन इंजेक्शनं दिली. दाढ हट्टी निघाली. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा एलिसेओचा अर्धा चेहरा त्याच्या मालकीचा राहिला नव्हता. जखमेवर कापसाचा बोळा दाबून डॉक्टरीण म्हणाली, "दात घट्ट मिटून ठेवायचे. दुपारपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर रक्त थांबणार नाही."

बाहेर येऊन त्याने फोन पाहिला. मानांग ओनोरचा निरोप होता: 'उद्या मनिलाला निघाले, नातवाचा बाप्तिस्मा आहे. मशीन बघायचं तर आजच. दहाला ये.'

आता काय करावं? लिहिलेलं उत्तर त्या मैद्याच्या हातांनी कधी उघडतील याचा भरवसा नव्हता, म्हणून एलिसेओने फोन लावला. एवढं एक वाक्य बोलावंच लागणार होतं.

"आआंग, ई एइएओ. आअ अअणार आई."

"कोण? एलिसेओ का?" पलीकडून आवाज आला. "काय म्हणतोस? आई?"

"आई! आई! अअणार आई!"

"आई येणार? अरे मग आण की! एवढं ओरडायला काय झालं? दोघं जेवायलाच या." फोन बंद झाला.

एलिसेओने फोन खिशात टाकला. 'जमणार नाही' हे ज्याला सांगता येत नाही त्याने जायचं, एवढंच उरतं. त्याने दुकानातून नमुन्याचं लहान मशीन गाडीत चढवलं आणि समुद्राच्या काठाकाठाने गिंबालला निघाला.

बेकरीच्या दारात मानांग ओनोर उभ्याच होत्या. साठीच्या, ठेंगण्या, कोपरापर्यंत मैदा. चष्मा केसांवर चढवलेला.

"आई कुठाय?"

एलिसेओने मान हलवली.

"नाही आली? आणि हा गाल कसला रे? वाफवलेल्या सिओपाव पावासारखा टम्म फुगलाय." त्यांनी जवळ येऊन वाकून पाहिलं. "दाढ काढलीस! मग फोनवर कशाला कोकलत होतास? गप्प बस आता. बोललास तर मीच तुझ्या तोंडाला फडकं बांधीन. मशीन दाखव."

आत भट्टीसमोरच्या लाकडी टेबलावर त्यांचे यजमान पिदेल, गावाचे मानोंग म्हणजे थोरले दादा, पीठ मळत होते. ऊन असो की नसो, डोक्याला टोपी. त्यांनी मशीनकडे पाहिलं, जसं एखादीने सवतीकडे पाहावं.

"एकतीस वर्षं या हातांनी मळतोय," ते म्हणाले. "हे डबडं काय मळणार?"

एरवी या वाक्यावर एलिसेओ लगेच विरघळला असता. 'बरोबर आहे मानोंग, हाताची सर कशालाच नाही,' असं म्हणून त्याने मशीन परत गाडीत चढवलंही असतं. ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आलंच होतं. पण दात मिटलेले. नाइलाजाने त्याने मैदा, यीस्ट, पाणी घातलं आणि बटण दाबलं. मशीन गुणगुणू लागलं.

"किंमत किती?" मानांगनी विचारलं.

एलिसेओने पुस्तिकेतल्या मोठ्या मशीनच्या आकड्यावर बोट ठेवलं. पंच्याऐंशी हजार पेसो. मानांग काही बोलल्या नाहीत. त्या शांततेने एलिसेओला घाम फुटला. सहा वर्षांत इतकी लांब शांतता त्याने एकदाही होऊ दिली नव्हती. कमी करता येईल हे सांगायला त्याने तळहात पालथा करून खाली खाली नेला.

"बसा म्हणतोय," मानोंग पिदेल म्हणाले. दोघंही बाकावर बसले.

एलिसेओने घाईघाईने पाच बोटं दाखवली. पाच टक्के सूट!

"पाच मिनिटं थांबा म्हणतोय."

"थांबू की," मानांग म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

आणि तिघं थांबले. मशीन फिरत होतं, पिठाचा गोळा हळूहळू तुकतुकीत होत होता. एलिसेओ हात बांधून उभा होता, कारण हात मोकळे सोडले की काय अर्थ निघेल याचा भरवसा नव्हता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मानोंग पिदेलना भांडायचं होतं, पण समोरचा माणूस बोलतच नव्हता. भांडण एकट्याने किती वेळ करणार? त्यांनी घसा खाकरला.

"तसं बघायला गेलं तर," ते पिठाकडे बघत म्हणाले, "उजवा खांदा साथ देत नाही हल्ली."

मानांगनी मान वळवली. "कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली असतील. हात वर जात नाही. डाव्याने मळतो. तू भट्टीकडे तोंड करून असतेस, तुला काय दिसणार?"

"आणि मला बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? पीठ मळता येत नाही तर मी या बेकरीत कोण? मांजर?" ते थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "केसही विंचरता येत नाहीत."

मानांग ओनोरनी उठून नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढली. खाली पांढऱ्या केसांचं जंगल माजलं होतं.

"म्हणून टोपी!" त्या म्हणाल्या. "आणि मी समजत होते, म्हाताऱ्याला नटायची हौस आली."

नेमका तेव्हाच इंजेक्शनचा बधिरपणा उतरला. एलिसेओच्या जबड्यातून अशी कळ गेली की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघ ओनोर, बघ!" मानोंग पिदेल गहिवरले. "परका माणूस रडतोय माझ्यासाठी."

"त्याची दाढ रडतेय," मानांग म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज ओला झाला होता. त्यांनी टोपी नवऱ्याच्या डोक्यावर अलगद परत ठेवली आणि एलिसेओकडे वळल्या. "ऑर्डरचा कागद काढ."

झालं! एलिसेओने पिशवीत हात घातला. त्याने कागद काढला, मशीनचं नाव आणि किंमत लिहिली. इथे थांबायचं होतं. पण हाताला सहा वर्षांची सवय. तोंड बंद असलं म्हणून काय झालं, पेन चालू होतं. 'शेरा' लिहायच्या जागी त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'घाई नाही. विचार करून सांगा.'

लिहून झाल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली. खोडणार, तोवर मानांगनी पेन आणि कागद दोन्ही ओढून घेतलं. चष्मा केसांवरच होता. त्यांनी मैद्याच्या बोटांनी खाली काहीतरी खरडलं, कागदाची घडी घातली आणि त्याच्या खिशात कोंबली. वर दोन डझन गरम पांदेसाल पाव बांधून दिले. "आईला दे."

दुकानात उयकोंनी कागद उलगडला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "विचार करून सांगा? आजवर तोंडी सांगत होतास, आता लेखी द्यायला लागलास! आणि ही खाली सही आहे की कोंबडी नाचलीय? ही ऑर्डर धरू की नको धरू?" त्यांनी कागद परत दिला. "त्या बाई मनिलाहून आल्या की जा आणि धड सही घेऊन ये. आणि काही बोलू नकोस. नाही, बोल. पण कमी बोल!"

मानांग सोमवारी परत येणार होत्या. चार दिवस मेर्लीने स्वयंपाकघरात तालीम घेतली. ती गिऱ्हाईक, एलिसेओ विक्रेता.

"घेते मी मशीन," ती कढईतून वर न बघता म्हणायची.

"थँक्यू."

"शाबास. पुढे?"

"पुढे... घरच्यांना एकदा विचारून..."

झारा टेबलावर आपटायचा. "पुन्हा!"

सोमवारी एलिसेओ गिंबालला पोचला तेव्हा जखम भरली होती, जीभ ताळ्यावर होती आणि त्यामुळेच त्याला जास्त भीती वाटत होती. त्याने ठरवलं होतं, आधी सगळं खरं सांगून टाकायचं.

"मानांग, त्या दिवशी तुम्ही कागद न वाचताच सही केलीत. त्यावर मी विचार करून सांगा असं लिहिलं होतं. तुमचा विचार बदलला असेल तर..." तो मध्येच थांबला. मेर्ली जणू मागे उभी होती.

"न वाचता?" मानांग हसल्या. "अरे, चष्मा मला लांबचं बघायला लागतो. आण इकडे." त्यांनी कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, "केला. तीन वर्षं. मशीन पाठव. लिओनोरा."

एलिसेओने वाकून ती अक्षरं पुन्हा वाचली.

"तुला आठवत नसेल, तोतो, बाळा. तीन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत तू हेच मशीन मांडून बसला होतास. मी पैसे घेऊन आले होते. हो म्हणायला तोंड उघडलं आणि तू म्हणालास, विचार करून सांगा. मला वाटलं, हा मुलगा खरं बोलणारा, याला नक्की काहीतरी खोट माहीत असणार. म्हणून घरी गेले."

एलिसेओने कागदावरच्या स्वतःच्या ओळीकडे पाहिलं. त्याच्या त्या तीन शब्दांनी मिस्टर उयकोंचं नुकसान झालं, त्याचं स्वतःचं झालं, हे त्याला माहीत होतं. पण इथे एक माणूस दोन वर्षं डाव्या हाताने पीठ मळत होता, हे त्याने कधी हिशोबात धरलं नव्हतं.

"मशीनमध्ये खोट नव्हती मानांग," तो म्हणाला. "मी घाबरलो होतो. तुम्ही नाही म्हणाल म्हणून आधी घाबरायचो आणि हो म्हणाल म्हणून नंतर. मानोंगचा खांदा..."

"खांद्याची गोष्ट त्याने मला सांगितली नाही, तुझ्यावर कशाला ढकलू?" मानांगनी त्याच्यापुढे कॉफीचा पेला सरकवला. "उलट तू आलास, गप्प उभा राहिलास, म्हणून हा बोलला. दोन वर्षांत जे मला काढता आलं नाही ते तू काढलंस. आता कॉफी पी."

एलिसेओने दोन्ही हातांनी पेला धरला. "थँक्यू, मानांग," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. पुढची चार वाक्यं ओठांपर्यंत येऊन रांगेत उभी राहिली. त्याने ती कॉफीबरोबर गिळली.

मानांगनी नवं कोरं पान घेतलं आणि शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मानोंग पिदेल इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होते. केस चापूनचोपून बसवलेले होते. भांग कुणी पाडला होता हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी बोट वर केलं.

"एक विचारू का रे तोतो? आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी वीज जाते. मग हे मशीन काय करणार?"

 सहीची शाई अजून ओली होती.

"बंद पडणार," एलिसेओ म्हणाला.

आणि थांबला. माफी मागितली नाही, सूट दिली नाही, विचार करायला सांगितलं नाही. घामाचा एक थेंब कानामागून ओघळला, तोही त्याने ओघळू दिला.

मानोंग पिदेलनी पिठाच्या टेबलाकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं आणि त्यांनी डाव्या हाताची बाही वर चढवली.

"ओनोर, ऐकलंस ना?" ते म्हणाले. "आठवड्यातून दोनदा मी लागणारच आहे. घेऊन टाक मशीन!"