मातीच्या रिंगणाची व पाठमोऱ्या रथांची हकीकत

रिंगण हुजुरांनी बुडविले, हे अगोदर लिहितो. देवाचे नाव मागून घेतो, देव समजोन घेईल. आता गजवदनास नमन, शारदेस नमन, आणि जीत चाक रुतते व जीतून चाक सुटते त्या मातीस दोन वेळां नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते साली जे जाहले ते येणेप्रमाणे.

एक राज्य होते. नाव लिहीत नाही, ज्याचे त्यास कळेल. त्या राज्यात नदीकाठी मातीचे एक रिंगण, आकार अंड्याचा, फेरा दीडशे पावलांचा, आणि त्यात हातभर लांबीचे रथ पळत. रथास घोडा नाही, आत सारथी नाही. सारथी लाकडी माचीवर उभा, हातात रिमोट, आणि त्याने वाऱ्यातूनच लगाम खेचावा आणि खाली रथाने माती उडवीत डावीकडे वळावे, आणि मग पुन्हा डावीकडे, आणि मग डावीकडेच. उजवीकडे वळणे त्या शास्त्रात नाही. म्हणोन रथ घडवितानाच डावी चाके लहान, उजवी मोठी, शिसे सगळे डाव्या कुशीस, आणि पुढल्या चाकांची उजवीकडची वाट खिळा ठोकोन बंद. ऐसा रथ घरच्या फरशीवर सोडिला तर तो सोफ्याखाली जाऊन बॅटरी संपेतो गोल फिरतो, आणि घरची माणसे पाय वर घेऊन बसतात.

या रिंगणाचे चिखलनीस नारोजी हुलावळे. चिखलनिशी म्हणजे काय, तर पहाटे उठोन रिंगणात जावे, चिमटीत माती घेऊन गोळी वळावी, गोळी कडेस फुटली तर दोन झाऱ्या पाणी द्यावे, बोटास चिकटली तर ऊन वर येईतो स्वस्थ बसावे. ऐसी एकतीस वर्षे केली. लोक म्हणत, नारोजींस बायकोची नाडी कळत नाही पण मातीची कळते, आणि बायको सगुणाबाई म्हणत, "माझ्या नाडीवर झारीनं पाणी घालत नाहीत तेवढं बरं आहे."

पूर्वी रथसप्तमीस मोठे युद्ध होई, ऐंशी ऐंशी रथ लोटत, रथाच्या धन्यास सरदार म्हणत, आणि पेढे वाटत, आणि हरलेल्या सरदाराने पुढल्या फेरीस चिखलात उभे राहोन दुसऱ्याचे उताणे रथ सुलटे करावे ऐसा कुळाचार होता, त्यात कोणाची मान खाली जात नसे. मग उतरती कळा लागली. कोणी बॉक्स क्रिकेटात गेला, कोणी ड्रोन घेऊन आभाळात गेला, कोणाचे गुडघे गेले, आणि सरदार धुमाळांस लेकीने परदेशी नेले आणि तेथे त्यांस कुत्रे फिरवावयास दिले. रथांची दातेरी चाके बाजारात मिळेनात, मग मिक्सरची दातेरी चाके कानस मारोन बसविली, आणि लसणाच्या चटणीचा वास सोडीत रथ पळो लागले. गत साली रथसप्तमीस रथ सात आणि प्रेक्षक नऊ, त्यांतले दोघे लघवीस आडोसा शोधीत आले होते.

खरे लिहावयाचे तर आपल्या लोकांचेही पाप लिहावे. सरदार केरोबा ढमढेरे अकरा वेळां जिंकलेले, पण टायरांस काय चोळतात ते पोटच्या लेकास सांगितले नाही. नवा माणूस हौसेने विचारी, "काका, टायरला काय लावता?" तर म्हणत, "अक्कल लावतो." नवा माणूस पुन्हा दिसत नसे. आणि नारोजी स्वतः, ओल्या मातीवर कोणाची चप्पल पडली की ऐसे गर्जत की माणूस चप्पल तेथेच टाकोन पळे. ऐशा चपलांचे एक पोते भरले होते. खेळ असाही मरतो. पण असा मरावयास अजोन दहा वर्षे लागली असती. हुजुरांनी अडीच महिन्यांत काम उरकले.

ते ऐसे की, रिंगणास कोणी जात नाही हे वर्तमान हुजुरांचे कानी गेले आणि हुजुरांनी चौकशी नेमिली. चौकशी चाळीस दिवस गार खोलीत बसली, काजू खाल्ले, रिंगणावर एकही दिवस आली नाही, कां की जोडे मळतील. आणि निकाल काढिला, तो हा : देवळात प्रदक्षिणा देव उजव्या हाताशी ठेवोन घालतात; रिंगणातले रथ मध्य डाव्या हाताशी ठेवोन फिरतात; हा उलटा फेरा अशुभ, यास्तव रयत उठोन गेली. सबब येत्या रथसप्तमीपासोन सर्व रथांनी उजवीकडे वळावे. हुकूम नारोजींस पावला तेव्हां रथसप्तमीस आठ दिवस उरले होते.

नारोजी धुतलेला सदरा घालोन दरबारी गेले आणि हात जोडोन बोलिले, "सरकार, रथ उजवीकडे वळत नाहीत."

मुख्य कारभारी म्हणाले, "का वळत नाहीत? बंड आहे काय?"

"बंड नाही साहेब, खिळा आहे."

"मग खिळ्याच्या नावानं वेगळा हुकूम काढू."

हुजूर हसले आणि म्हणाले, "बारा लाख रयत आम्ही हवी तिकडे वळवली, आणि तुझं हातभर खेळणं वळत नाही?"

नारोजी बोलोन गेले, "हुजूर, रयतेला खिळा मारलेला नसतो."

हुजुरांचे हसू गेले. मग हुजूर म्हणाले, "बरं. रथसप्तमीला रथ उजवीकडून फिरवून दाखव आणि बघायला हजार माणूस आण. आणलास तर रिंगण तू जिवंत असेतो कोणी हलवणार नाही. नाही आणलास तर तिथं हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा घालू आणि बॉक्स क्रिकेटला भाड्यानं देऊ." नारोजी म्हणाले, "एवढं कागदावर मिळालं तर..." त्यावर कारभारी कडाडले, "हुजुरांचा शब्द हाच कागद! मोठा आलाय कागदवाला." आणि नारोजी घरी आले, आणि भाकरी पुढे घेऊन तैसेच बसोन राहिले.

दुसरे दिवशी सातही सरदार माचीखाली मसलतीस बसले. एकाने धीर करोन आपल्या रथाचा खिळा उपटिला आणि उजवीकडे वळवू गेला, तो रथ शिशाच्या भाराने कोलमडला, दोन कोलांट्या घेतल्या आणि थेट नदीत गेला; तो काढोन, वाळवोन खिळा पुन्हा ठोकिला. केरोबा म्हणाले, "नाऱ्या, माझ्या गाडीला उजवीकडे वळायचं तर दुसरा जन्म घ्यावा लागेल, आणि स्पेअर पार्ट त्या जन्मीही मिळायचे नाहीत." सगळे चौकशीच्या आईबापांचा उद्धार करो लागले. त्या सातांत एक गोदूबाई पानसे, चौतीस वर्षे शाळेत भूमिती शिकवोन निवृत्त जाहलेल्या, त्या इतका वेळ फुटाणे खात होत्या, त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, "गाड्या उलट्या चालवा."

"म्हणजे चाकं वर करून?"

"ढमढेरे, तुम्ही वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं. चाकं डावीकडेच वळलेली राहू देत, आणि गाडी मागे पळवा. वर्तुळ तेच राहतं, फिरायची दिशा उलटते. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा की झालं. हुकमात उजवीकडून फिरा म्हटलंय; तोंड कुठं करा ते म्हटलेलं नाही."

केरोबांस राग आला. "बाई, अकरा वेळा जिंकलोय मी, तोंड पुढं करून."

"मग बाराव्यांदा दुसरं काही पुढं करून जिंका."

वायरी बदलल्या आणि रथ खरेच मागे पळाले, उजव्या फेऱ्याने पळाले, परंतु सुकाणू मागे आले म्हणोन पहिल्याच वळणास माशासारखे शेपूट मारीत आणि उताणे पडत. एक केरोबांचा रथ तेवढा पडेना. नारोजींनी माती पाहिली, माती चांगली होती. मग टायर हुंगिला आणि केरोबांकडे पाहिले. म्हणाले, "केरोबा, आज सांग." केरोबा म्हणाले, "नाही." नारोजी म्हणाले, "कुणापासून लपवतोस? आपण सात उरलोय. जिंकणार आहेस कुणाला, गालिच्याला?" तेव्हां केरोबांनी कंबरेची बाटली काढोन मधोमध ठेविली. ते गुडघ्यास चोळावयाचे दुखण्याचे तेल होते, लाल झाकणाचे, कोणत्याही औषधाच्या दुकानी मिळते ते. गोदूबाई म्हणाल्या, "अकरा वर्षं हे?" केरोबा म्हणाले, "गुडघ्याला लावून उरलेलं." आणि सगळ्यांनी टायरांस तेल चोळिले, आणि पुढले सहा दिवस रिंगणास दवाखान्याचा वास सुटला, आणि सातही रथ मातीस धरोन पळो लागले.

राहिली हजार माणसे. ती गोदूबाईंनी आणिली. बाजाराच्या चौकात त्यांनी फळा टांगिला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले : हुजुरांच्या हुकुमाने सात रथ मागे धावणार आहेत. हुजुरांच्या हुकुमाने काय काय मागे धावते हे एरवी दिसत नाही, येथे डोळ्यांनी दिसेल. प्रवेश फुकट. कारभाऱ्यांचे लोक फळा उतरवावयास आले, परंतु त्यात खोटे काही सापडेना, आणि विचार करीपर्यंत गावभर जाहले.

रथसप्तमीस उन्हे आली आणि माणूस लोटला. न्हावी दुकान टाकोन आला, न्हाव्यामागे अर्धी दाढी केलेला आला, बॉक्स क्रिकेटवाले बॅटी घेऊन आले, नवी सून सासूस धरोन आली. हुजूर छत्राखाली बसले. शिटी जाहली आणि सातही रथ शेपूट पुढे करोन सुटले, आणि रिंगणात जो गोंधळ माजला तो वर्णावयास शब्द पुरत नाहीत : एक रथ गिरकी घेऊन परत आला, दोघे एकमेकांच्या पाठीस पाठ लावोन फुगडी घालू लागले, चौथ्यावर माती ऐसी उडाली की तो ढेकूळ होऊन धावला. रयत पोट धरोन हसली, मग ओरडो लागली, मग पैजा मारो लागली, आणि कोणी तरी म्हणाले, "ए, म्हातारीची गाडी बघ, काय कापतीय वळण!" पाचव्या फेरीस चार रथ एकावर एक उताणे पडले, आणि सुलटे करावयास माणूस नाही, कां की सातही सरदार माचीवर. तेव्हां लोकच कठडा ओलांडोन चिखलात उतरले, जोडे, चपला, सँडल. नारोजींनी गर्जावयास तोंड उघडिले. मग ते बंद केले, मग पुन्हा उघडिले आणि म्हणाले, "या. या. टाच तेवढी रोवू नका." आणि त्यांचे डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी तेलाच्या वासावर ढकलिले.

गोदूबाई अर्ध्या रथाने जिंकल्या. केरोबा म्हणाले, "तेल माझं होतं." त्या म्हणाल्या, "भूमिती माझी होती." आणि तत्क्षणी पंधरा-वीस जणांनी केरोबांस वेढिले आणि विचारिले, "काका, टायरला काय लावलंत?" आणि केरोबांनी बाटली काढोन दाखविली, आणि कोणत्या दुकानी मिळते तेही सांगितले. फाटकावर कारभाऱ्यांनी स्वतः माणसे मोजिली होती. एक हजार एकशे बारा भरली, त्यांत हुजूर एक. नारोजी छत्रापुढे गेले आणि एवढेच म्हणाले, "हुजूर, हजार." हुजूर प्रसन्न जाहले, शाल दिली, श्रीफळ दिले, आणि म्हणाले, "बघा, उजवीकडे वळल्याचं फळ!" नारोजींनी शाल घडी करोन काखेत घेतली. शब्द मिळाला होता, शब्द पुरा केला होता.

पंधरा दिवसांनी हुकूम आला : रिंगणाची लोकप्रियता अतोनात वाढली आहे. इतक्या रयतेचे पाय मातीत मळतात, हे हुजुरांस पाहवत नाही. सबब रयतेच्या सोयीसाठी माती उचलोन तेथे हिरवा गालिचा घालावा. रथांनी अन्यत्र लोकप्रिय व्हावे.

मग डंपर आले आणि एकतीस वर्षांची भिजविलेली माती एका दिवसात भरोन नेली आणि हुजुरांच्या नव्या कमानीच्या पायात ओतली. नारोजी दरबारी धावले. हुजुरांची भेट नाही, कारभारी भेटले आणि म्हणाले, "शब्द पाळलाय. रिंगण कुठं हलवलंय? अंड्याचा आकार तसाच ठेवलाय, फक्त हिरवा केलाय. आणि तुला गालिचानीस नेमलंय. पगार तोच."

"काम काय साहेब?"

"पाणी मारायचं."

"प्लॅस्टिकला?"

"पद आहे म्हटल्यावर काम नको?"

कारभाऱ्यांनी हाती दिलेला नेमणुकीचा कागद नारोजींनी घडीसकट मेजावर ठेविला, वर दगड ठेविला की उडू नये, आणि चालते जाहले. दुसरे दिवशी पहाटे सवयीने जाग आली आणि उठावयास काही कारण नव्हते. सगुणाबाई म्हणाल्या, "पडा अजून." ते म्हणाले, "पडूनच आहे." आणि चिखल तुडवोन गेलेल्यांतले चौघे, नवे रथ विकत घेतलेले, त्या दिवशी दारी येऊन विचारो लागले, "नारोजीकाका, आता कुठं पळवायचे?"

येणेप्रमाणे रिंगण बुडाले. सार इतकेच की, माणसे आली नाहीत तेव्हां माणसे येत नाहीत म्हणोन बुडविणार होते, आणि माणसे आली तेव्हां माणसे आली म्हणोन बुडविले. तर हुजुरांनी आता सांगावे. नऊ माणसे थोडी पडली, एक हजार एकशे बारा फार जाहली. माती राहावी यास्तव नेमकी किती यावयास हवी होती? आकडा सांगावा. चौकशी नेमू नये. उत्तर लेखी द्यावे. तोंडी एकदा घेऊन पाहिले.