स्लॅबवर कवेलू

रोशनला तुम्ही घरी बोलावलंत, तर तो आधी चप्पल काढेल आणि मग तुमच्या भिंतीला उलटा हात लावेल, लेकराचा ताप बघावा तसा. मग छताकडे बघेल. वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या असतात आणि हा गंभीर चेहऱ्यानं सांगतो, “पंखा कायले लावता? वरची गरम हवाच खाली आणून राहिला तो.”

विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. मी शहापूरचा, तो लाखनीकडचा. दोघंही भंडारा जिल्ह्याचे म्हणून वॉर्डननं एकत्र कोंबलं. मी मराठीत एम.ए. करत होतो, तो पर्यावरण भौतिकी शिकत होता. हे काय असतं, असं पहिल्याच दिवशी विचारून मी फसलो. ऊन छतात कसं शिरतं, छत ते दिवसभर कसं धरून ठेवतं आणि अंधार पडल्यावर खालच्या माणसावर कसं सोडतं, हे सांगता सांगता त्यानं माझं जेवण थंड केलं. “समजलं काय?” असं त्यानं विचारल्यावर मी घाईनं हो म्हटलं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असती.

एप्रिल लागला की तो गच्चीवर ओले बारदाने अंथरायचा. वॉर्डन चिडले, “हे हॉस्टेल आहे की धानाचं गोदाम?”

“सर, तुमच्या ऑफिसवर बी टाकू काय?” रोशननं विचारलं. चारच दिवसांत वॉर्डनच्या ऑफिसवरही बारदाने दिसू लागले.

त्याच्या मामानं साकोलीकडे एक मुलगी बघितली. सोबत म्हणून मीही गेलो. पोहे आले, मुलगी आली. मामा म्हणाला, “विचार ना काही.” रोशननं मुलीच्या बापाला विचारलं, “दुपारी या टिनाखाली कोण झोपते?” त्यांची म्हातारी आई झोपायची. झालं! या पठ्ठ्यानं म्हातारीची खाट उचलून अंगणातल्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवली, तेव्हाच त्याचा जीव भांड्यात पडला. मुलगी देखणी होती, हे मी त्याला परतताना बसमध्ये सांगितलं. “हो काय?” एवढंच म्हणाला. तिकडून निरोप आला, “पोरगा पोरगी पाहाले आलता का घर?” वसतिगृहात सगळे खूप हसले, तोही हसला.

त्याच उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर तो म्हणाला, “गावी चाल. एक माणूस कमी पडते.” कशाला, ते सांगितलं नाही.

“जयभीम बाबू, या,” म्हणत त्याच्या वडिलांनी माझ्यासाठी खाट टाकली. रोशन बांबू आणायला गेला आणि म्हातारा आपणहून बोलू लागला.

“मातीचं घर होतं आमचं, वर कवेलू. हा बारावी पास झाला अन् अडून बसला. दोस्त आणाले लाज वाटते म्हणे, स्लॅबच पाहिजे. बांधला. त्याच्या मायले लय कौतुक. बोरिंगवरून पितळी गुंडानं डोक्यावर पाणी आणू आणू तिनंच मारलं स्लॅबले. दुसऱ्या उन्हाळ्यात निंदण करून दुपारी घरी आली, दार लावून पडली. लाइन गेलती. मी वावरातून आलो तं...”

एवढं बोलून त्यांनी वर स्लॅबकडे हात दाखवला. रोशन तेव्हा नागपुरात कॉलेजात होता. पर्यावरण भौतिकी हा विषय त्यानं त्यानंतर घेतला.

त्याला तो स्लॅब पाडायचा होता. मे तोंडावर आलेला आणि बाप रोज दुपारी त्याच्याखालीच झोपणार. पण बाप ऐकत नव्हता. “तिनं पाणी मारलं हाय त्याले. हात लावू देणार नाही.” दोन वर्षं बापलेकात हीच रड चालली होती. शेवटी रोशननं मधला मार्ग काढला. स्लॅब तसाच ठेवायचा, त्यावर हातभर उंच बांबूचा सांगाडा बांधायचा, वरून कौलं, म्हणजे तेच कवेलू, टाकायचे आणि मधून वारा खेळू द्यायचा. जुन्या घराचे कवेलू परसात रचून ठेवलेलेच होते.

गावाला फुकटचा तमाशा मिळाला. “काय गा रोशन, प्यांटवर धोतर नेसवून राहिला काय?” तो मान वर न करता कवेलू लावत राहिला आणि मी खालून एकेक देत राहिलो.

काम संपलं त्या दुपारी वडील आत खाटेवर जाऊन पडले. आम्ही बाहेर सावलीत बसलो.

“बा, कसं लागते?” रोशननं विचारलं.

त्यानं दाराकडे मान वळवून पुन्हा हाक मारली.

“बा!”

तो असा आत धावला की उंबरठ्याला ठेच लागली. मीही मागोमाग गेलो. म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता. गाढ, निवांत.

रोशन बाहेर येऊन उंबरठ्यावर बसला. अंगठ्यातून रक्त येत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. परसाकडे बघत म्हणाला, “माय होती तवा बी हे कवेलू इथंच पडले होते रे.”

आणि बापाची झोप मोडू नये म्हणून शर्टाची बाही दातात धरून तो रडला.