काशिनाथरावांचा खडा आणि सुलभाताईंची गाळणी

"सिद्धी, जगात तीन प्रकारची माणसं असतात," मोरेश्वर उपासनी म्हणतात. "बघणारी, पाहणारी, आणि मी."

उपासनीसर आमच्या रुग्णालयात कोडर आहेत. डॉक्टरांनी कागदावर जो आजार लिहिला असेल, त्याचा नंबर जाडजूड पुस्तकातून शोधून कॉम्प्युटरात घालायचा, एवढंच काम. कोडरने स्वतः निदान करायचं नसतं. शंका आली तर डॉक्टरांना विचारायचं. पण सरांच्या मते विचारणं म्हणजे बुद्धीचा पराभव. त्यांच्या प्रत्येक ईमेलखाली 'मोरेश्वर उपासनी, निदान-गुप्तहेर' असं लिहिलेलं असतं. या गोष्टीच्या वेळी मला त्यांच्या हाताखाली तीन वर्षं झाली होती. रुग्णालय परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगराच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून तिथेच आहे.

२००६ सालच्या जुलैतल्या एका गुरुवारी आमच्या खिडकीपाशी काशिनाथराव येऊन उभे राहिले. पुण्याहून मुलीकडे, इथल्या हिल्सबरो भागात आले होते. सोमवारी मुतखड्याची कळ आली म्हणून भरती, मंगळवारी खडा पडला म्हणून घरी. शनिवारी परतीचं विमान. प्रवासाला हरकत नाही असं पत्र विमान कंपनीला हवं होतं, आणि आमच्याकडे फाईल बंद झाल्याशिवाय पत्र छापलंच जात नाही.

"सोमवारी पुण्यात आमच्या हिचं, शकूचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे गं बाळा," ते मला म्हणाले. "तुम्ही बाहेर बसलात तरच मी आत जाईन, म्हणते. माझ्यापायी दोनदा पुढे ढकललंय."

मला फार वाईट वाटलं. सरांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही डावखुरे आहात."

"नाही बुवा."

"लहानपणी होतात," सर म्हणाले आणि फाईल उघडली.

फाईलमध्ये एक घोळ होता. घरी सोडताना डॉक्टरांनी 'खडा पडला' असं लिहिलं होतं. प्रयोगशाळेने मात्र तो खडा बाटलीसकट परत पाठवला होता, सोबत चिठ्ठी: 'हा खडा नाही. वनस्पतिजन्य पदार्थ.' बाटलीत काळा, बारीक, सुरकुतलेला ऐवज.

"सर, डॉक्टरांना विचारू या?"

"सिद्धी, तू मला दुखावतेस."

तेवढ्यात सुलभाताई चहा घेऊन आल्या. त्या डॉक्टरांची पत्रं टाईप करतात, आणि आमच्या खोलीत चहा होतो तो त्यांच्या कृपेने.

"उपासनीसाहेब, एवढे डिटेक्टिव्ह आहात तर माझी गाळणी सोमवारी संध्याकाळी कुणी नेली होती ते शोधा की. मंगळवारी गुपचूप परत आणून अडकवलीये."

"सुलभाताई, मी गाळण्यांच्या केसेस घेत नाही."

"नका घेऊ. मी मंगळवारी सकाळीच कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणलीये, आमचा चहा तिच्यातूनच होतो."

"मला मात्र जुन्याच गाळणीतून देत राहा. तिला मुरलेली चव आहे," सर म्हणाले आणि समाधानाने भुरका मारला.

संध्याकाळपर्यंत सरांचे दोन सिद्धांत झाले. पहिला, काशिनाथराव हे काशिनाथराव नसून त्यांचा जुळा भाऊ आहे. काशिनाथरावांना भाऊच नाही असं कळल्यावर सर म्हणाले, "बघ, किती बेमालूम लपवलाय!" दुसरा सिद्धांत, माणसाच्या मूत्रपिंडात झाड उगवलं आहे. त्याचा कोड पुस्तकात नव्हता. पुस्तक अपुरं आहे असा सरांनी निकाल दिला.

तिसरा सिद्धांत शुक्रवारी सकाळी पूर्णत्वाला गेला. "तस्करी! या देशात साधं आंब्याचं लोणचं आणलं तरी विमानतळावर उघडून बघतात. म्हणून ह्या इसमाने बी शरीरात दडवून आणलं. मी शेतीखात्याला फोन लावतोय."

"सर, काकांचं उद्या विमान आहे हो!"

"पळून जाणारच. गुन्हेगार आहे तो."

मी रिसीव्हरवर हात ठेवून उभी राहिले. सुलभाताई कप गोळा करत होत्या. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"हा तर वेलदोड्याचा दाणा," त्या म्हणाल्या. "चहाच्या गाळणीत अडकतो, तो."

मग मी फोन फिरवला, पण वॉर्डात. नर्स अरोहाने 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून अगदी मोकळेपणाने सांगितलं. मुतखड्याच्या पेशंटची लघवी गाळून खडा पकडतात. वॉर्डातल्या गाळण्या सोमवारी संपल्या होत्या, म्हणून कुणीतरी तुमच्या खोलीतली नेली. काम झाल्यावर नळाखाली धरून परत अडकवली. "स्वीट ॲज!" म्हणजे, सगळं झकास!

म्हणजे खडा पडलाच नव्हता. तो काकांच्या पोटातच होता आणि त्यांच्याबरोबर उद्या विमानात बसणार होता. मी डॉक्टरांना विचारलं. दोन मिनिटं लागली. काकांना तातडीने बोलावून पुन्हा फोटो काढला, तर खडा मूत्रनलिकेच्या अगदी तळाशी येऊन बसलेला. औषध दिलं, तांब्यावर तांब्या पाणी पाजलं, आणि दुपारी चार वाजता रुग्णालयाच्या स्वतःच्या गाळणीत पाच मिलिमीटरचा खराखुरा खडा टिंगकन वाजला. डॉक्टरांनी तसं लिहिलं, मी नंबर घातला, फाईल बंद झाली, पत्र छापून बाहेर आलं.

काका पत्र घ्यायला आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "शकूला फोन केला. म्हणाली, आता मी आत जाते." मलाही भरून आलं.

सर खुर्चीत रेलून चहा पीत होते. "वनस्पतीचा धागा प्रथम मीच पकडला होता," ते म्हणाले.

जाता जाता काका दारात थांबले. "ती तुमची चहाची गाळणी फेकून दिलीत ना हो? मला फारच ओशाळल्यासारखं झालं होतं."

सरांचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी अरोहाशी बोलतानाच हे माझ्या लक्षात आलं होतं. पण काकांचं काम आधी होतं, आणि तीन वर्षं काही थोडीथोडकी नसतात.

"मंगळवारपासून अकरा कप, सर."

सरांनी कप खाली ठेवला. चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"सिद्धी... याचं पुढे काय होतं? म्हणजे, काही होतं का?"

"कोडरने निदान करायचं नसतं, सर."

सर उठले, कोट घातला, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच डॉक्टरांना विचारायला गेले.