मधुकररावांचा पाठभेद

विघ्नहर्त्या गजाननास वंदन करून, मंडळाच्या गणेशोत्सवी स्मरणिकेसाठी लंडनजवळच्या वॉटफर्डमधील माझे शेजारी मधुकरराव यांचा परिचय यथामति सादर करतो.

घरी आलेल्या माणसास मधुकरराव प्रथम चहा विचारीत नाहीत. "बुडालेली ऐकवू की लग्न झालेली?" असे विचारतात. बॉयलर दुरुस्त करणाऱ्या इंग्रजासही त्यांनी हेच विचारले होते. ही नायिका एका जुन्या अमेरिकन लोकगीतातली. नदीकाठी ती प्रियकराची वाट पाहते. कुणी गायक तिला बुडवतो, कुणी बोहल्यावर चढवतो, एकाने तर दारूचे दुकान काढून दिले आहे. जुन्या वस्तू विकणारी चॅरिटी शॉप धुंडाळून मधुकररावांनी या गाण्याच्या तबकड्या आणि सीडी एवढ्या जमवल्या, की प्रथम पाहुण्यांची खोली गेली, मग पाहुणेही गेले.

"मूळ गाणे कुणाचे?" मी एकदा विचारले.

"कुणाचंच नाही, गुरुजी. खाणकामगार गायचे, बँजोवाल्यांनी उचललं, मग रेडिओवर आलं, मग ड्रमवाली पोरं आली. गाईल त्याचं. फोकचं हेच शास्त्र."

"म्हणजे पाठभेद," मी अनवधानाने बोलून गेलो. तेव्हापासून ऐन संध्येच्या वेळी फोन येतो, "गुरुजी, नवा पाठभेद सापडला, होल्ड करा," आणि आचमनाचे पाणी तळहातावर तसेच असता कानी बँजो वाजू लागतो.

गतवर्षी आरतीनंतर हेच गाणे म्हणण्याचा त्यांनी हट्ट धरला.

"काका, गणपतीपुढे बुडालेली मुलगी? प्लीज," आमच्या सूनबाई म्हणाल्या.

"आमची बुडत नाही." मग माझ्याकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "लग्न होऊन कुसुम इथं आली तेव्हा तिला इंग्लिश येत नव्हतं. मी या गाण्यावर शिकवलं. चाल जमेना, म्हणून ती आरतीच्या चालीत म्हणायची, टाळ्यांसकट. ती गेल्यावर घर गप्प नको म्हणून सीडी आणत गेलो. आता त्या गर्दीत, दुसऱ्या ओळीला ती कुठं वळायची, तेच मला आठवेनासं झालंय. चार लोकांच्या तोंडी बसलं, तर राहील, गुरुजी."

मंत्रपुष्पांजलीपूर्वी मी त्यांना उभे केले. दुसऱ्या ओळीस ते अडखळले. झांजा मात्र अडल्या नाहीत. चाल ओळखीची, सभागृहाने त्यांना अलगद पुढे नेले. अखेरीस प्रियकर दारी येतो, तेथे कुसुमताईंनी स्वतःची मराठी ओळ जोडली होती: 'आधी हात धुवा, पानं वाढलीत.' हशा आणि टाळ्यांत ती ओळ पुनःपुन्हा गायली गेली. देवापुढे इतका आनंदी गोंधळ मी पाहिला नव्हता.

परवा सूनबाई भांडी विसळताना तेच गुणगुणत होत्या, वळण मात्र भलतेच. मी मधुकररावांस फोन करून तसे कळवले.

"चुकवलं?" ते म्हणाले. "मग रुजलं, गुरुजी. होल्ड करतो, ऐकू द्या."

मी फोन स्वयंपाकघरात नेऊन धरला. पलीकडे, प्रथमच, बँजो वाजत नव्हता.

वाचकहो, आपल्या दारीही वाट पाहिलेले माणूस सुखरूप येवो, आणि त्यास आधी हात धुवायला सांगणारे कुणी आपल्या घरी सदैव असो.