चार लिंबं आणि आपोआप गाडी

एका जंगलात रस्ते होते, हीच मुळात नवलाची गोष्ट होती, बाळांनो. त्यात एक दिवस बातमी आली, की आता बिनचालकाची गाडी येणार. आपोआप चालणारी.

मग काय! पूर्वतयारीसाठी समिती नेमली. अध्यक्ष गवे अण्णासाहेब. सचिव एक बगळा. एका पायावर उभा राहतो म्हणून सगळे त्याला विचारवंत समजायचे. तो बगळा मीच, बरं का. हसू नका.

आम्ही दूरच्या जंगलात अभ्यासदौरा केला. मासे उत्तम होते. परत येऊन मी चारशे पानांचा अहवाल लिहिला. खड्डे बुजवले, पांढरे पट्टे मारले, रस्त्यात बसणाऱ्या म्हशींना हात जोडून उठवलं. गाडीला दोन नियम शिकवले. पहिला : चाकापुढे काहीही आलं, तर थांबायचं. दुसरा : आसनावर वजन असलं, म्हणजे प्रवासी बसला असं समजायचं. दोन्ही नियम माझेच. मला त्यांचा फार अभिमान होता.

गाडीची पहिली मानकरी ठरली अंजनीमावशी अस्वल. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नदीपलीकडे डॉक्टर घारबाई वर्षातून एकदाच यायच्या. त्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत पोचायचं, नाहीतर पुढचा नंबर थेट पुढच्या वर्षी. तोवर डोळे राहतील याची खात्री नव्हती.

मावशी पहाटेच येऊन बसली. मांडीवर डॉक्टरीणबाईंसाठी मधाचा हंडा.

अण्णासाहेबांनी नारळ फोडला. गाडीला हार घातला. तो नेमका तिच्या कॅमेऱ्यावर आला, म्हणून जरा बाजूला केला. मग मला आठवण झाली.

"अण्णासाहेब, लिंबं राहिली!"

नवी गाडी आणि चाकाखाली लिंबं नाहीत, असं कधी झालंय का? मी स्वतः चोचीत धरून चारही चाकांपुढे एकेक ठेवलं. टाळ्या वाजल्या.

गाडी म्हणाली, "पुढे अडथळा आहे. थांबले आहे."

"अगं, ते लिंबू आहे," अण्णासाहेब म्हणाले. "चिरडायचं असतं."

"पुढे अडथळा आहे. थांबले आहे."

कुणीतरी म्हणालं, उचला की मग. पण न चिरडलेलं लिंबू उचलायचं म्हणजे केवढा अपशकुन! कुणी पुढे होईना. अण्णासाहेबांनी शिंगं लावून गाडी ढकलून पाहिली. शिंग दुखावलं, गाडी हलली नाही. शेवटी तिथेच तातडीची सभा घेतली. विषय : लिंबू ही वस्तू आहे की विधी? वस्तू असेल तर अडथळा, विधी असेल तर नाही. मी अर्धा तास बोललो. फार छान बोललो.

सूर्य वर चढत होता.

मावशीने काचेतून हाक मारली. "बगळेभाऊ, काय अडलंय?"

"लिंबं, मावशी. चाकांपुढची. निर्णय होतोच आहे."

"मग निर्णय कशाला? वास येतोय मला. मी उचलते की. मला मेलीला आता आणखी कसला अपशकुन?"

तिने हंडा आसनावर ठेवला. चाचपडत खाली उतरली. नाक जमिनीला लावून एक लिंबू उचललं. दुसरं. तिसरं. मी अजून तिसऱ्या मुद्द्यावरच होतो. मावशीने चौथं उचललं आणि उभी राहिली.

गाडी म्हणाली, "अडथळा दूर झाला. आसनावर प्रवासी आहे. निघते आहे."

दार लागलं. गाडी निघाली. काय सुरेख चालली म्हणून सांगू! पट्टा सोडला नाही, वळणावर डगमगली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मधाचा हंडा सूर्य डोक्यावर यायच्या आत दवाखान्यात पोचला.

मावशी लिंबं पोटाशी धरून रस्त्यात उभी होती. "गेली का हो?" तिने विचारलं.

मग ती चालत निघाली. मी पुढे उडत वाट सांगत होतो. पण मला वरून दिसतं ते सरळ असतं. खाली ओढे असतात, काटे असतात. हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही पोचलो तेव्हा घारबाई निघून गेल्या होत्या. मला फार लाज वाटली, बाळांनो. अजूनही वाटते.

त्या फेरीच्या अहवालात मात्र मी लिहिलं, 'पहिली फेरी वेळेत. प्रवाशाला खरचटलंही नाही.' हंड्याला खरंच खरचटलं नव्हतं.

मावशीने त्या लिंबांचं लोणचं घातलं. वाटीभर मलाही पाठवलं. मला ते घशाखाली उतरत नाही.

तात्पर्य : रस्त्याची समिती नेहमी उडणाऱ्यांचीच असावी. मावशीसारख्या चालणाऱ्यांना घेतलं, तर ते आधी लिंबू उचलतात आणि मग चर्चेला विषयच उरत नाही.